कुंडीखालचा झरा

आमच्या व्याह्यांसारखा नेमाचा माणूस गोदावरीच्या अल्याड-पल्याड कुठंही सापडणार नाही, आणि सापडलाच तर त्याच्या घरच्यांनी त्याला पाहुण्यांपासून लपवून ठेवलेलं असेल. हे मी रागानं लिहीत नाही. मी सरळ बोलणारा माणूस आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच, आणि जे दिसतं ते स्वच्छ सांगावं एवढं तरी त्या पायरीनं मला शिकवलं. रेणापूरच्या आमच्या घरावर पाटी आहे, तिच्यावर माझ्या नावापुढं 'बी.ए.' लिहिलंय. मुलीचं स्थळ घेऊन व्याही पहिल्यांदा आले तेव्हा त्या पाटीपुढं उभं राहून त्यांनी ती दोनदा वाचली, मान हलवली आणि म्हणाले, "बी.ए. ठीक हाय. पण घराला बोअर हाय का न्हाई?"

हा प्रश्न त्यांना शोभणारा होता, कारण त्यांचा पहिला नेम जमिनीतल्या पाण्याचा. नायगावला त्यांचं मोटारींचं आणि पाइपांचं दुकान आहे. पण दुकानापेक्षा त्यांचं नाव पाणाडी म्हणून मोठं. तळहातावर नारळ आडवा ठेवायचा, पायातलं काढायचं आणि रानातून हळूहळू चालायचं. ज्या जागी नारळ आपोआप उभा राहील तिथं खाली पाणी. दुकानातून पाइप घेणाऱ्याला ही सेवा फुकट. नारळ उभा राहतो याबद्दल आजवर कुणाची तक्रार नाही; तक्रार बोअरचं मशीन येऊन गेल्यावर सुरू होते. धुरळाच धुरळा निघाला की शेतकरी दुकानावर येऊन बसतो. व्याही त्याला चहा पाजतात आणि शांतपणे सांगतात, "पाणी व्हतं. तुम्ही मशीन आणायला उशीर केला, तवर सरकलं." एकानं चिडून विचारलं, "सरकून गेलं कुठं?" व्याही म्हणाले, "शेजारच्याच्या रानात. त्याला इचारा." तो गडी खरोखरच विचारायला गेला, आणि त्या दोन शेजाऱ्यांचं बोलणं त्या दिवसापासून बंद आहे.

दुसरा नेम जिल्ह्याचा. नायगाव तालुका झाला तेव्हा लोकांनी पेढे वाटले आणि विषय संपवला. व्याह्यांचा तिथून सुरू झाला. नव्या जिल्ह्यांच्या अफवा आमच्याकडं दुष्काळासारख्याच अधूनमधून येतात. आज उदगीर होणार, उद्या किनवट होणार, परवा आणखी कोणी. त्या यादीत नायगावचं नाव कधीच नसतं, आणि व्याही ते छापखान्याची चूक समजतात. नायगाव जिल्हा निर्मिती कृती समितीचे ते अध्यक्ष आहेत. सचिव वारले आणि खजिनदार मुलाकडं पुण्याला राहायला गेले, त्यामुळं सध्या बैठकीला गणपूर्तीची अडचण येत नाही. मी एकदा स्पष्टच म्हणालो, "इवाई, नांदेड तुमच्यापासून एवढं जवळ, तुम्हाला वेगळा जिल्हा कशाला?" आमच्याकडं व्याही एकमेकांना इवाई म्हणतात. ते म्हणाले, "लातूर जिल्हा झाला तवा तुम्ही कुठं व्हता?" लातूर जिल्हा झाला, नव्या कचेऱ्या उघडल्या, नवी टेबलं आली आणि त्यातल्याच एका टेबलामागं मला नोकरी लागली. हे त्यांना माहीत होतं. नव्या जिल्ह्यावर निवृत्त होईपर्यंत जेवलेल्या माणसानं दुसऱ्याच्या नव्या जिल्ह्याला हसू नये, असं त्यांनी तोंडानं म्हटलं नाही. फक्त माझ्या पाटीकडं पाहिलं.

आणि तिसरा नेम मुलीच्या बापाचा. लग्नाच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर सांगितलं होतं की आम्ही शिकलेली माणसं, आमच्याकडं मानपान नाही, मुलाचा बाप आणि मुलीचा बाप सारखेच. त्यांनी हात जोडून ऐकून घेतलं आणि त्या दिवसापासून मानपान दुप्पट केला. मी बसल्याशिवाय ते बसत नाहीत, मी उठलो की उठतात, रस्त्यानं माझ्या पुढं पाऊल टाकत नाहीत. एकदा नांदेडच्या बसस्टँडवर मी लातूर गाडीची पाटी बघायला सारखा उठत-बसत होतो. तेवढ्याच वेळा तेही उठले-बसले. बाकावरच्या एका म्हातारीनं कौतुकानं विचारलं, "डाक्टरनं सांगितलं का ओ असं करायला?" मी मानपान मानत नाही. पण समोरचा देतच असेल तर त्याचा हात धरण्याइतकं शिक्षणही मी घेतलेलं नाही.

या नेमाचंच शेवटचं कलम पाण्याचं. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी बापानं घ्यायचं नाही, अशी आमच्याकडं जुनी रीत. निम्म्या लोकांनी ती केव्हाच सोडली. उरलेल्या निम्म्यांना लवकर नातवंडं होतात, त्यामुळं अडचण येत नाही. आमच्या शैलजाला, म्हणजे त्यांच्या मुलीला, लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल नव्हतं. त्यामुळं व्याही रेणापूरला आले की आधी स्टँडवरच्या हॉटेलात पोटभर पाणी पिऊन येणार. आमची मंडळी तांब्या पुढं करणार, ते तांब्याला हात लावून तो कपाळाला लावणार, आणि वैशाखातल्या दुपारी आमच्या बैठकीत सुकलेल्या ओठांनी नायगाव जिल्ह्यावर बोलत बसणार. तांब्या भरलेलाच आत जायचा. आमची मंडळी आत जाऊन म्हणायची, "असला पाहुणा कुणाला मिळू नये." तिला राग यायचा तो पाण्याचा नसायचा. तो तिला शैलजासाठी यायचा.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो उन्हाळा. माझी निवृत्ती नुकतीच झालेली. आमचा मुलगा आणि शैलजा स्कॉटलंडला होते, नोकरीसाठी. शैलजानं हट्ट धरला की दोघी आयांनी आणि दोघा बापांनी यावं. तिकिटं काढायची वेळ आली तेव्हा दोघी आया म्हणाल्या, टँकर कधी येईल याचा नेम नाही, घरी कुणीतरी पाहिजे. टँकरनं दोन विहिणींना अडवलं आणि दोन व्याह्यांना विमानात बसवलं. हैदराबादच्या विमानतळापर्यंत व्याही माझी चेष्टाच करत आले. "इवाई, तुमच्या लातूरकरांची ऐट लई वाढली. पाणी बी रेल्वेनं फिरून राहिलं." मी म्हणालो, "तुमच्या नांदेडची गोदावरी कुठं वाहून राहिलीय? पात्रात पोरं क्रिकेट खेळतात." ते म्हणाले, "ते नांदेडचं बघा. नायगाव वेगळा जिल्हा झाल्यावर आपला संबंध न्हाई." पुढं तपासणीच्या यंत्रात त्यांची पिशवी अडकली. आत नारळ होता. वर्दीतल्या पोरीनं विचारलं, हे कशाला? व्याही प्रामाणिकपणे म्हणाले, "पाणी बघायला." तिनं तो काढून घेतला. विमान सुटेपर्यंत ते हात गमावल्यासारखे तळहाताकडं बघत बसले होते.

मुलीकडं राहायचं, पण तिच्याकडचं खायचं-प्यायचं नाही, हे परमुलखात कसं जमणार असा मला प्रश्न पडला होता. व्याह्यांनी तो पहिल्याच दिवशी सोडवला. मुलाचं घर वरच्या मजल्यावर होतं. खाली घरमालकीण राहायची, ऐंशीच्या आसपासची, एकटी, काटक, सोबत तेवढाच म्हातारा कुत्रा. व्याही ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याच्या चटणीची बरणी घेऊन तिच्या दारात जाऊन उभे राहिले आणि नायगावच्या मराठीत म्हणाले, "बाई, तुम्ही परक्या. तुमचं चालतंय." बाईनं काय ऐकलं देव जाणे; तिनं दार उघडलं. तिच्या स्वयंपाकघरात भाकरी थापल्याचा पहिला आवाज झाला तेव्हा ती काहीतरी कोसळलं म्हणून धावत आली होती. चौथ्या भाकरीला ती समोर खुर्ची घेऊन बसली. कॉलेजला माझा विषय इंग्रजी; तरी त्या बाईचं इंग्रजी मला शब्दाशब्दाला थांबवायचं. व्याह्यांना इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळं त्यांचं कुठंच अडत नव्हतं.

मी एकदा त्यांना सरळ म्हणालो, "इवाई, तुम्ही पाइपाचे व्यापारी. खालचा नळ आणि वरचा नळ, पाइप एकच आहे ना?"

"पाइप एकच हाय," ते म्हणाले. "उंबरा दुसरा हाय."

वर शैलजा रोज सकाळी काचेचा ग्लास भरून त्यांच्यापुढं ठेवायची. ते ग्लासाला हात लावून तो कपाळाला लावायचे आणि खाली भाकऱ्या करायला जायचे. मग ती तो ग्लास उचलायची आणि खिडकीतल्या मनीप्लांटच्या कुंडीत ओतायची. सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक. त्या पाण्यावर मनीप्लांट असा माजला की खिडकीची चौकट झाली, पडद्याची दांडी झाली, आता छताला लागला होता. बाईनं व्याह्यांना कुठल्याशा दुकानातून नारळ आणून दिला होता. एके दिवशी मी खोलीत गेलो तर व्याही डोळे मिटून कुंडीसमोर उभे, आणि तळहातावर नारळ ताठ उभा. हलक्या आवाजात मला म्हणाले, "इवाई, ह्या कुंडीखाली जिवंत झरा हाय."

मी म्हणालो, "खाली बाईचं न्हाणीघर आहे. आपण वरच्या मजल्यावर आहोत."

"झऱ्याला मजला नसतो. ह्या वेलीला कधी कुणी पाणी घालताना बघितलं का तुम्ही? मी तर न्हाई बघितलं. अन् पानं बघा, तळहाताएवढी."

शैलजा दारात उभी होती. ती तिथूनच स्वयंपाकघरात गेली. मी मागून गेलो तर ओट्याला टेकून उभी. "मामा," ती म्हणाली, "अप्पा बोलत काहीच नाहीत. पण तो भरलेला ग्लास मला रोज तीनदा विचारतो. फोनवर विचारायचे, 'काही विशेष?' मी म्हणायचे, नाही अप्पा. इथं विचारत नाहीत, तर हे. तुम्ही एक शब्द टाका ना. तुमचं ते मोडणार नाहीत. एकदा माझ्या घरचं पाणी पिऊन जाऊ द्या त्यांना, मग कधी नाही मागायची." ती रडत नव्हती. ती धपाट्यांचं पीठ मळत होती, आणि ते गरजेपेक्षा जास्त मळलं जात होतं. मी म्हणालो, बघतो. काय बघणार होतो हे मलाच ठाऊक नव्हतं.

अशात बाईनं आम्हा दोघांना रविवारी डोंगरावर चालायला बोलावलं. तिथली माणसं सुट्टीच्या दिवशी विनाकारण डोंगर चढतात, त्याला खेळ म्हणतात आणि त्यासाठी वेगळे बूट घेतात. आम्ही दोघांनी आयुष्यात कारणाशिवाय चढ चढलेला नव्हता. मी सफारी आणि पॉलिश केलेले बूट घातले. बाईमाणसाबरोबर बाहेर जायचं म्हणजे जरा नीट. व्याह्यांनी धोतराचा काचा मारला, डोक्यावर टोपी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि वर जावयाचा पिवळा रेनकोट. शैलजानं माझ्या पिशवीत धपाटे आणि पाण्याची बाटली दिली. व्याह्यांनी आपली बाटली खाली बाईच्या नळावर भरली, आपले धपाटे बाईच्या तव्यावर भाजले आणि नारळ घेतला. डोंगराच्या पायथ्याशी त्यांनी मला विचारायला लावलं, "वर देव कोणता हाय?"

मी विचारलं. बाई म्हणाली, वर काही नाही, वरून खालचं छान दिसतं.

"खालचं बघायला वर कामून जायचं? आत्ता खालीच हाव की आपण," व्याही म्हणाले. हे भाषांतर मी केलं नाही. नारळ मात्र त्यांनी वर फोडायला म्हणून जवळच ठेवला. देव नसला तर नसला, शिखराचा मान शिखराला.

बाई आणि कुत्रा पुढं, मग मी, मग व्याही. सगळीकडं पाणी होतं. गवतातून पाणी, दगडातून पाणी, पायवाटेवरून पाणी, आणि कुणी घागर घेऊन उभं नाही. व्याह्यांना ते बघवेना. दर पाच पावलांवर "इवाई, हे बघा, हे वाया चाललं" असं चाललेलं. नारळ तर हातावर आडवा राहायलाच तयार नव्हता. कुठंही धरा, उभाच. शेवटी ते वैतागून म्हणाले, "ह्या देशात पाणाड्याची इज्जत न्हाई," आणि त्यांनी नारळ पिशवीत घातला. बाईनं सकाळीच बजावलं होतं की ओढ्याचं पाणी प्यायचं नाही, वर कुठं मेंढी मरून पडलेली असते. मेंढीचं नाव ऐकल्यावर त्या ओढ्यांकडं आम्ही दोघं जन्माचे शाकाहारी फक्त बघतच चाललो. अर्ध्या चढावर बाईनं काठीनं दाखवलं की डोंगराचा अलीकडचा भाग एका जिल्ह्यात आणि पलीकडचा दुसऱ्या. व्याह्यांचा चेहरा उजळला. "मंग शिखर कोणाचं? मुख्यालय कोणाला जवळ पडतं?" बाईला ते माहीत नव्हतं. "बघा," ते मला म्हणाले, "इथं बी चळवळीची गरज हाय."

मग धुकं आलं. बाई आणि कुत्रा दिसेनासे झाले आणि वाटेला दोन फाटे फुटले. मी घटकाभर विचार केला आणि रुंद दिसणारा डावा फाटा धरला. मागं व्याही थांबले, एकदा खाकरले आणि माझ्यामागं चालू लागले. बराच वेळ आम्ही चाललो. वाट बारीक झाली, मग मेंढ्यांची झाली, मग मेंढ्यांनाही ती पटेनाशी झाली. समोर दगडांची एक बुटकी भिंत आली आणि तिच्यापलीकडं नुसतं पांढरं. मी थांबलो आणि म्हणालो, "इवाई, आपण चुकलो."

"हाव," ते म्हणाले. "फाट्यावरच चुकलो. बाईचा कुत्रा उजवीकडं गेला व्हता. मी बघितला."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही मुलाकडचे. तुमच्या म्होरं होऊन तुम्हाला रस्ता कसा दाखवायचा?"

जिल्हाधिकाऱ्यापासून बोअरवाल्यापर्यंत कुणाशीही वाद घालणारा हा माणूस, व्याह्याला उजवीकडं वळा म्हणायची बेअदबी नको म्हणून परक्या देशात धुक्यात हरवायला तयार होता. हाका मारून झाल्या. धुक्यात हाक लांब जात नाही. शेवटी आम्ही भिंतीच्या आडोशाला बसलो, म्हणजे आधी मी बसलो. व्याह्यांनी धपाटे सोडले, वर शेंगदाण्याची चटणी घेतली. बाटली काढताना ती त्यांच्या ओल्या हातातून निसटली, दगडावरून टणटण करत खाली गेली आणि धुक्यात नाहीशी झाली. आमच्या गावात त्या उन्हाळ्यात भरली बाटली अशी गेली असती तर तिच्यामागं निम्मी आळी धावली असती. व्याह्यांनी नुसतं तिकडं पाहिलं आणि पुढचा घास घेतला, तोच त्यांना चटणीचा ठसका लागला. डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी घाईनं नारळ काढला, भिंतीवर आपटला, दोन भकलं केली आणि तोंडाकडं नेली. आत कोरडं खडखडीत. जन्मभर दुसऱ्यांना नारळावर पाणी दाखवणाऱ्या माणसाच्या नारळात थेंब निघाला नाही.

मी माझी बाटली पुढं केली. "घ्या. शैलजानं भरून दिलीय."

खोकत खोकतच त्यांनी बाटलीला हात लावला आणि तो कपाळाला लावला.

"अहो, इथं उंबरा कुठाय? मोकळा डोंगर आहे."

"बाटली भरली कुठं?"

"तिच्या नळावर."

"मंग उंबरा संगंच आला की."

मला संताप आला, आणि मी संतापलो की माझी तत्त्वं जरा बाजूला होतात. मी म्हणालो, "मग मी मुलाचा बाप म्हणून सांगतो. प्या. हुकूम समजा."

ते चटकन उठून उभे राहिले. हात जोडले. "तुमचा हुकूम असंल तर पितो. पण मंग ते पाणी तुमच्या हुकमाचं. पोरीचं न्हाई व्हायचं. तुम्हीच सांगा, कोणाचं पिऊ?"

मी त्यांना बसा म्हणालो. ठसका कमी झाला होता. घसा मात्र बसला होता. त्याच बसल्या आवाजात ते म्हणाले, "तुम्हाला वाटून राहिलं, ह्यो माणूस आडमुठा हाय."

"वाटत नाही. आहातच."

ते हसले. मग म्हणाले, "आता ऐका. नेम असा हाय की लेकरू व्हईपर्यंत प्यायचं न्हाई. आज मी पिलो, तर त्याचा अर्थ काय निघतो? बापानं आशा सोडली. डाक्टरनं सोडली असंल, सोडू द्या, त्याला लई पेशंट. तुम्ही सोडली असंल तर मी तुम्हाला बोल न्हाई लावणार. पण बापानं कशी सोडायची, इवाई? तिच्या घरात मी तहानलेला बसतो, ते तिला सांगायला की तुझा बाप अजून वाट बघून राहिला. तिला कळतंय ते."

"तिला ते कळत नाही," मी म्हणालो. "तिला उलटं कळतं." आणि ओट्याशी ती जे बोलली ते मी त्यांना जसंच्या तसं सांगितलं. मी सरळ बोलणारा माणूस आहे हे वर लिहिलंच आहे. पण ते वाक्य पुन्हा उच्चारताना मला दोनदा थांबावं लागलं. भरलेला ग्लास मला रोज तीनदा विचारतो. "आणि ती कुंडी," मी म्हणालो, "तुमच्याच पाण्यावर वाढलीय. तुम्ही खाली गेलात की ती तुमचा ग्लास तिच्यात ओतते."

धपाटा त्यांच्या हातात तसाच राहिला. मग म्हणाले, "रोज?"

"तुम्ही आलात त्या दिवसापासून."

"म्हंजे तिथं झरा न्हाई."

"नाही."

त्यांनी फुटक्या नारळाची दोन्ही भकलं एकमेकांना जोडून पाहिली. "नारळ उभा राहिला व्हता, इवाई," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, अगदी हळू, "पाणी तर व्हतंच तिथं."

तेवढ्यात धुक्यातून कुत्रा आला आणि त्याच्यामागून बाई. ती मला बरंच बोलली. त्यातलं निम्मं मला कळलं, आणि तेवढं पुरेसं होतं. व्याही मध्ये पडून म्हणाले, "बाई, चुकी माझी. मी मागं व्हतो." बाईनं पिशवीतून थर्मास काढला आणि रोजच्यासारखा त्यांच्यापुढं चहाचा कप धरला. इतके दिवस तिच्याकडचं काहीही न नाकारलेल्या व्याह्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा हात आडवा केला. "आता घरी जाऊनच," ते म्हणाले. शिखर वरच राहिलं. ते कुठल्या जिल्ह्यात आहे हे आम्हाला अजून माहीत नाही. उतरताना मी बुटाची नाडी बांधायचं निमित्त करून खाली बसलो, म्हणजे ते पुढं जातील. ते माझ्यामागं उभे राहिले, आणि नाडी बांधून होईपर्यंत धुक्याकडं बघत राहिले.

घरी आलो. शैलजा आमचे भिजलेले कपडे बघून घाबरली, टॉवेल आणले, आणि सवयीनं भरलेला ग्लास व्याह्यांपुढं ठेवून कोरडे कपडे काढायला आत गेली. मीही तिच्यामागं आत गेलो. तिथं थांबणं मला बरं वाटेना. ती कपडे घेऊन बाहेर आली. त्याच सवयीनं तिनं ग्लास उचलला, खिडकीपाशी गेली आणि कुंडीवर वाकडा केला. काहीच पडलं नाही. तिनं ग्लास सरळ करून आत पाहिलं. पुन्हा वाकडा केला. मग ती पाठमोरीच उभी राहिली, हात मनीप्लांटच्या एका पानावर.

व्याही मिशा पुसत होते. "कुंडीला उद्यापासून मी घालीन पाणी," ते म्हणाले. "अन् आणखी एक ग्लास दे. चटणी लई तिखट झाली व्हती."

परत आलो तेव्हा आमच्याकडं दुष्काळ होता तिथंच होता, टँकर आठवड्यातून एकदा. आणि ज्या उन्हाळ्यात आमच्या घरात प्यायला पाणी नव्हतं, नेमकं त्याच उन्हाळ्यात या माणसानं आमच्याकडं पाणी प्यायला सुरुवात केली. रेणापूरचं घरही शैलजाचंच, तेव्हा नेम इथलाही सुटला होता. स्टँडवरच्या हॉटेलात न थांबता थेट आले, मी बसल्यावर बसले आणि पाटीकडं न बघता म्हणाले, "इवाई, पाणी सांगा." आमच्या मंडळींनी तांब्या भरून आणला. त्यांनी कपाळाला हात न लावता, नमस्कार न करता, तो वरून घटाघटा संपवला आणि रिकामा तांब्या पुढं केला. ती दुसरा आणायला आत गेली. पिंपात किती उरलंय हे तिला ठाऊक होतं. तरी भरूनच आणला.

आता ते येत नाहीत. गुडघे गेले. नायगाव अजून तालुकाच आहे, आणि दुकान पुतण्या बघतो. तो पाणी बघायला नारळ नाही, मशीन वापरतो. शैलजाला मूल झालं नाही. दर रविवारी व्याही तिला स्कॉटलंडला फोन लावतात, आणि कधी ती त्याच फोनवर मलाही जोडून घेते तेव्हा ऐकू येतं. 'काही विशेष?' हे ते विचारत नाहीत. आवाज आता थकलाय, मध्येच तुटतो. ते विचारतात, "कुंडी कशी हाय?"

"हाय अप्पा," ती म्हणते. "वेल छताला लागून खाली वळलीय."

"मंग ठीक," ते म्हणतात, आणि थोडा वेळ दोन्हीकडून कुणीच फोन ठेवत नाही.